खटला दुसऱ्या न्यायालयात वर्ग करायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘इथं आपल्याला न्याय मिळणार नाही’ असं वाटणारी माणसं खटल्याच्या दोन्ही बाजूंना असतात. फिर्यादीला आरोपीच्या वजनाची धास्ती असते, आरोपीला गावच्या रोषाची. पक्षकार वकिलासमोर बसून जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. या विषयापुरते कलमांचे क्रमांक बदलले, आशय जवळपास तोच राहिला. जुने निकाल जुन्या क्रमांकांनीच सापडतात, म्हणून दोन्ही क्रमांक देतो.

अर्ज नेमका कुठे करायचा?

खटला कुठून कुठे न्यायचा आहे, यावर ते ठरतं. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात एका न्यायालयातून दुसऱ्यात न्यायचा असेल तर सत्र न्यायाधीशांकडे, कलम ४४८ खाली (जुनं ४०८). राज्यातल्या दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचा तर उच्च न्यायालयात, कलम ४४७ (जुनं ४०७). परराज्यात न्यायचा तर फक्त सर्वोच्च न्यायालय, कलम ४४६ (जुनं ४०६).

इथे बरेच जण एक पायरी गाळतात आणि हात हलवत परत येतात. बदल जिल्ह्यातल्या जिल्ह्यातच हवा असेल तर आधी सत्र न्यायाधीशांकडे अर्ज करावा लागतो. तो फेटाळला गेल्यावरच उच्च न्यायालयाचं दार उघडतं. आपल्याकडे उच्च न्यायालय म्हणजे मुंबईचं मुख्य पीठ, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि पणजीची खंडपीठं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंचही (फिरतं पीठ) आहे, त्यामुळे सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरच्या लोकांची मुंबईवारी वाचली. गोवाही मुंबई उच्च न्यायालयाच्याच अखत्यारीत येतो. त्यामुळे कलमाचे शब्द पाहता म्हापशाचा खटला सावंतवाडीकडे आणायला दिल्लीला जायची गरज नाही.

अर्ज कोण करू शकतं? मी आरोपीही नाही आणि फिर्यादीही नाही.

कायद्यात शब्द आहेत ‘हितसंबंध असलेला पक्षकार’. आरोपी, फिर्यादी, पीडित, मयताचे नातेवाईक आणि सरकार हे सगळे त्यात सहज बसतात. सर्वोच्च न्यायालयात देशाचे महान्यायवादीही असा अर्ज करू शकतात. उच्च न्यायालय आणि सत्र न्यायाधीश तर कुणी अर्ज न करताही, खालच्या न्यायालयाच्या अहवालावरून किंवा आपण होऊन, खटला हलवू शकतात.

या शब्दांचा सर्वांत सैल अर्थ लागला तो जयललितांच्या बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात. अर्जदार होते द्रमुकचे सरचिटणीस के. अनबळगन, म्हणजे उघडउघड राजकीय विरोधक. तुमचा काय संबंध, हा आक्षेप अर्थातच आला. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. आरोपी स्वतःच मुख्यमंत्री झाल्यावर आणि आधी साक्ष दिलेले साक्षीदार पुन्हा बोलावल्यावर फिरू लागल्यावर, सरकार पक्ष स्वतः तक्रार करेल अशी अपेक्षा कुणी ठेवायची? १८ नोव्हेंबर २००३ रोजी खटला चेन्नईहून बंगळुरूला गेला. पण हा अपवाद आहे. गावातल्या भांडणात तिऱ्हाईताने असा अर्ज केला तर पहिल्याच तारखेला निकाली निघेल.

‘न्यायाधीशांचा कल समोरच्याकडे दिसतो’ एवढं कारण पुरतं का?

नाही. अर्ज बुडतात ते बहुतेक याच वाक्यावर.

भीती वाटणं पुरेसं नसतं, ती वाजवी असावी लागते आणि वाजवी आहे की नाही हे न्यायालय ठरवतं. गुरचरणदास चढ्ढा विरुद्ध राजस्थान सरकार (१९६६) या निकालापासून हे सूत्र चालत आलं आहे. अन्याय होणारच, हे सिद्ध करायची सक्ती नाही. मात्र ज्या परिस्थितीतून भीती निर्माण झाली, ती परिस्थिती दाखवावी लागते.

दुसरा निकाल मुंबईतला. राणी जेठमलानी यांनी मेनका गांधींविरुद्ध मुंबईच्या दंडाधिकाऱ्यांकडे बदनामीची फिर्याद केली होती. मेनका गांधींनी खटला दिल्लीला मागितला. कारणं तीन दिली: पक्षकार दिल्लीत राहतात, मुंबईत चांगला वकील मिळत नाही, मुंबईतलं वातावरण आपल्याविरुद्ध तापलेलं आहे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मागणी फेटाळली. पक्षकाराचा हळवेपणा किंवा थोडीफार गैरसोय हा निकष नव्हे, त्याहून काहीतरी ठोस हवं, असं त्यांनी म्हटलं. व्यक्तिशः हजर राहण्यातून सूट देण्याचा विचार दंडाधिकाऱ्यांनी उदारपणे करावा, असंही सुचवलं. आजही खटला हलवण्याला विरोध करणारा वकील सर्वांत आधी हाच निकाल पुढे ठेवतो, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी तो वाचून घ्यावा.

प्रतिज्ञापत्रात हा फरक कसा दिसतो? ‘आरोपी राजकीय वजनदार असून त्याचे सर्वांशी संबंध आहेत, सबब न्याय मिळण्याची आशा नाही’ हे वाक्य शंभर अर्जांत सापडेल आणि त्याला काडीचीही किंमत नाही. आता असं लिहिलं तर पाहा: ‘अमुक तारखेला साक्षीदार क्रमांक ३ सरतपासासाठी आला असता न्यायालयाच्या आवारात आरोपीच्या भावाने व इतर चौघांनी त्याला अडवले. त्याच दिवशी निशाणी ४२ अन्वये न्यायालयाला अर्ज दिला. त्याची नोंद रोजनाम्यात आहे. पोलीस ठाण्यात त्याच संध्याकाळी दिलेल्या तक्रारीची पोच सोबत जोडली आहे. पुढच्या तारखेला तो साक्षीदार फितूर झाला.’ (सरतपास म्हणजे साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूनेच घेतलेली साक्ष, निशाणी म्हणजे कागदाला न्यायालयाने दिलेला क्रमांक, रोजनामा म्हणजे न्यायालयाच्या कामकाजाची तारीखवार नोंद.) यात एकही विशेषण नाही. पण न्यायाधीश हे दुसऱ्यांदा वाचतील.

म्हणून पक्षकारांना माझं सांगणं असतं की जे घडलं त्याचा त्याच दिवशी कागद करा. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेली धमकी आणि धमकीच्या दिवशीचा पोच असलेला अर्ज, यांच्या वजनात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

मग टिकणारी कारणं कोणती?

गाझियाबादच्या भविष्य निर्वाह निधी घोटाळ्यात खुद्द न्यायाधीशांचीच नावं आली होती. त्या नहार सिंग यादव प्रकरणात (निकाल २०१० चा) सर्वोच्च न्यायालयाने कसोट्या एकत्र मांडल्या आणि खटला दिल्लीला पाठवला. सरकारी यंत्रणा किंवा सरकारी वकील आरोपीला सामील आहेत का? आरोपी साक्षीदारांना फोडेल किंवा फिर्यादीच्या जिवाला धोका करेल असं दाखवणारं काही आहे का? पक्षकार, साक्षीदार आणि सरकार यांची तुलनेने गैरसोय किती? जातीय किंवा धार्मिक वातावरण इतकं तापलंय का, की तिथे निष्पक्ष सुनावणी होणं अवघड? कुणी टोळकं न्यायाच्या कामात अडथळा आणतंय का? हे साचे नाहीत, प्रत्येक प्रकरण त्याच्या त्याच्या वस्तुस्थितीवर ठरतं. पण तुमचं कारण यांपैकी एकाच्याही जवळपास जात नसेल तर थांबून विचार करावा.

यंत्रणाच एका बाजूला झुकली म्हणजे काय होतं, याचं ठळक उदाहरण बेस्ट बेकरी. १ मार्च २००२ रोजी वडोदऱ्यात बेकरी पेटवली गेली, १४ जणांचा जीव गेला. जून २००३ मध्ये तिथल्या जलदगती न्यायालयाने २१ च्या २१ आरोपी सोडले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते. अपिलातही निर्दोषत्व कायम राहिलं. १२ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल पुसून टाकला आणि खटला नव्याने महाराष्ट्रात चालवायला सांगितलं. सरकारी वकिलाने साक्षीदारांना वाचवायला काही केलं नाही आणि न्यायालय मूक प्रेक्षकासारखं बसून राहिलं, हा त्या निकालाचा गाभा. माझगावच्या न्यायालयात फेरखटला चालला. २४ फेब्रुवारी २००६ रोजी ९ जणांना जन्मठेप झाली, ८ सुटले. पुढे २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या नवांपैकी पाच जणांना सोडलं.

स्थानिक वकील आमचं वकीलपत्रच घेत नाहीत. बारने (वकील संघटनेने) ठराव केलाय.

असा ठराव बेकायदा आहे. आरोपीचं वकीलपत्र कुणीही घेऊ नये, अशा बार असोसिएशनच्या ठरावांना कायद्यात शून्य किंमत आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू सरकार या प्रकरणात स्पष्ट सांगितलं. तरीही ठराव होतात, हे सगळ्या कोर्टांना ठाऊक आहे. बाहेरगावच्या वकिलाला आवारात हुर्यो झाली, धक्काबुक्की झाली, तर खटला हलवायला ते चांगलं कारण ठरतं. जम्मू-काश्मीरमधल्या कठुआच्या बालिकेवरील बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात एप्रिल २०१८ मध्ये वकिलांनी पोलिसांना दोषारोपपत्रच दाखल करू द्यायचं नाही असा प्रयत्न केला. ७ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने खटला शेजारच्या पंजाबात, पठाणकोटला हलवला. रोजच्या रोज आणि बंद दाराआड सुनावणी ठेवली. वर्षभरात, १० जून २०१९ रोजी निकाल लागला आणि सातपैकी सहा जण दोषी ठरले.

आमचा जामीन फेटाळला, उलटतपासात प्रश्न नाकारले. न्यायाधीश बदलून मिळतील का?

यासाठी वरिष्ठ न्यायालयात दाद मागायची असते. विरोधात गेलेला आदेश म्हणजे पक्षपात असं धरलं तर एकही न्यायाधीश एकही खटला पूर्ण करू शकणार नाही. खटला संपत आला असताना, अंतिम युक्तिवादाच्या तोंडावर आलेला अर्ज तर न्यायालयं विशेष संशयाने बघतात. उस्मानगनी वोहरा प्रकरणात गुजरात उच्च न्यायालयाने आरोपींच्या नुसत्या शंकेवर खटला हलवला होता. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला.

पण न्यायाधीशांवरच आरोप करायचे असतील तर?

न्यायाधीश स्वतः खटल्यात पक्षकार असतील किंवा त्यांचा व्यक्तिगत हितसंबंध असेल तर वरिष्ठ न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्यांना तो चालवताच येत नाही (कलम ५२५, जुनं ४७९). नातं, जुना व्यवहार, पूर्वी त्याच पक्षकारासाठी केलेली वकिली, असं काही असेल तर साधेपणाने निदर्शनास आणा. बहुतेक न्यायाधीश स्वतःहून बाजूला होतात.

मात्र ‘पैसे घेतले’ असं ऐकीव गोष्टीवर लिहू नका. अशा अर्जावर सही करणारा वकीलही अडकतो, हे नागपूरनेच देशाला शिकवलं. तेव्हाच्या नागपूर उच्च न्यायालयातल्या दोन वकिलांनी न्यायमूर्तींवर ताशेरे ओढणाऱ्या वर्गीकरणाच्या (म्हणजे खटला वर्ग करण्याच्या) अर्जावर सह्या केल्या होत्या. एम. वाय. शरीफ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पुरेसा आधार आहे याची खात्री न करता सही करणारा वकील स्वतः अवमानाचा दोषी ठरतो. सत्तर वर्षं झाली, निकाल अजून जिवंत आहे. २०२५ मध्ये तेलंगणातल्या एका पक्षकाराला आणि त्याच्या वकिलांना त्याच कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने नोटीस काढली आणि ज्यांच्यावर आरोप केले होते त्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींसमोरच माफी मागायला लावलं. त्यामुळे एखादा चांगला वकील अर्जातला तुमचा आवडता परिच्छेद खोडत असेल तर त्याच्यावर चिडू नका.

अर्ज दिला की खटला थांबतो ना?

ही समजूत आजोबांच्या काळातली आहे. १८९८ च्या संहितेत अशी सोय होती की पक्षकाराने ‘मला वर्गीकरणाचा अर्ज करायचाय’ म्हटलं की तहकुबी द्यावीच लागे. लोकांनी तिचा इतका वापर केला की १९७३ च्या संहितेत ती ठेवलीच नाही. आता स्थगिती वेगळी मागावी लागते आणि गरज पटली तरच मिळते. स्थगिती मिळाली तरी आरोपीची कोठडी वाढवण्याचा खालच्या न्यायालयाचा अधिकार तसाच राहतो.

अर्जासोबत काय लागतं?

प्रतिज्ञापत्र. रोजनाम्याच्या आणि आदेशांच्या सही-शिक्क्याच्या नकला. पोलीस तक्रारींच्या पोचा. आरोपी अर्ज करत असेल तर सरकारी वकिलांना लेखी नोटीस आणि कारणांची प्रत आधी द्यावी लागते. नोटीस दिल्यापासून २४ तास उलटल्याशिवाय अर्जाच्या गुणदोषांवर आदेश होत नाही. पेन ड्राइव्हमधलं रेकॉर्डिंग जोडणार असाल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र विसरू नका.

अजून दोषारोपपत्रच नाही. तपास किंवा एफआयआर दुसऱ्या राज्यात नेता येतो का?

कलम ४४६ खाली नाही. ते कलम न्यायालयातल्या खटल्यांसाठी आहे, पोलीस तपासासाठी नाही. सुशांतसिंह राजपूत प्रकरणात रिया चक्रवर्ती यांनी पाटण्याचा गुन्हा मुंबईला वर्ग करायला सांगितलं होतं. १९ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगून विनंती नाकारली आणि तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे दिला. तपासाबद्दल तक्रार असेल तर दंडाधिकाऱ्यांकडे किंवा रिट याचिकेने उच्च न्यायालयात जायचं.

झालेल्या साक्षी पुन्हा द्याव्या लागतात का?

सहसा नाही. नवीन न्यायाधीश आधीच्या न्यायाधीशाचा उत्तराधिकारी मानला जातो आणि नोंदवलेल्या पुराव्यावरून पुढे जातो. गरज वाटली तर साक्षीदाराला पुन्हा बोलावतो. संक्षिप्त पद्धतीने चाललेल्या खटल्यांना ही सवलत नाही, ते मुळापासून चालतात.

खटला परराज्यात गेला की आणखी काय काय बदलतं?

पक्षकार फक्त रेल्वेच्या तिकिटाचा विचार करतात. बदलतं त्याहून कितीतरी जास्त.

अपील नव्या राज्याच्या उच्च न्यायालयात जातं. सरकारी वकील कोण नेमणार, हाही प्रश्न उभा राहतो. जयललिता प्रकरणात तो अधिकार कर्नाटकाकडे गेला. उच्च न्यायालयातल्या अपिलात तमिळनाडूने नेमलेले वकील उभे राहिले, तेव्हा त्यांना तो अधिकारच नव्हता असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ठरवलं. उलट बेस्ट बेकरीत वकील गुजरातने नेमायचा होता, पण पीडितांचं म्हणणं विचारात घेऊन. भाषेचा खर्च वेगळाच. कठुआचे उर्दूतले जबाब इंग्रजीत करून घ्यावे लागले.

आणि शिक्षामाफी. बिल्किस बानो प्रकरण ऑगस्ट २००४ मध्ये अहमदाबादहून मुंबईला आलं. जानेवारी २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने ११ जणांना जन्मठेप दिली. ऑगस्ट २०२२ मध्ये गुजरात सरकारने त्यांना मुदतीआधी सोडून दिलं. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली. गुन्हा गुजरातेत घडला, कैदी गुजरातच्या तुरुंगात होते, तरी शिक्षा मुंबईत सुनावली गेली होती, म्हणून माफीचा विचार करायचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा. वीस वर्षांपूर्वीच्या वर्गीकरणाच्या आदेशाने हे ठरलं होतं.

खटला हलला म्हणजे निकाल आपल्या बाजूने, असं धरायचं का?

सोहराबुद्दीन चकमकीचा खटला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गुजरातहून मुंबईला आणला. साक्षीदार इथेही मोठ्या संख्येने फितूर झाले आणि २१ डिसेंबर २०१८ रोजी सर्व २२ आरोपी निर्दोष सुटले. बेस्ट बेकरीत ज्या झाहिरा शेख यांच्या अर्जावर खटला मुंबईला आला, त्या मुंबईतही साक्ष फिरवून बसल्या. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अवमानाबद्दल वर्षभराची कैद दिली. जागा बदलता येते, साक्षीदाराच्या घराबाहेर उभा राहणारा माणूस बदलत नाही.

मग साक्षीदार जपायला दुसरा मार्ग आहे का?

आहे, आणि माझ्या मते आधी तोच करून पाहावा. महाराष्ट्रात साक्षीदार संरक्षणाचा २०१७ चा कायदा आहे. देशपातळीवर २०१८ ची योजना सर्वोच्च न्यायालयाने लागू केली. सत्र न्यायालयातच बंद दाराआड साक्ष, पडद्याआडून साक्ष, दूरदृश्य प्रणालीवरून साक्ष आणि पोलीस बंदोबस्त मागता येतो. कधी खटल्याऐवजी आरोपीच हलवला जातो: २०१७ मध्ये बिहारचे बाहुबली माजी खासदार शहाबुद्दीन यांना सिवानच्या तुरुंगातून तिहारला नेलं आणि खटले बिहारमध्येच ठेवून त्यांची हजेरी पडद्यावरून घेतली.

सासर परगावी आहे. छळाच्या केससाठी दर तारखेला तिकडे जावं लागेल?

केस अजून दाखल केली नसेल तर आधी २०१९ चा रूपाली देवी निकाल वकिलाला दाखवा. सासर सोडून आलेली बाई जिथे आसरा घेते, तिथल्या न्यायालयातही फिर्याद करू शकते. म्हणजे वर्गीकरणाची वेळच येत नाही.

खर्च झेपत नाही. आणि अर्ज फेटाळला तर?

महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयातही त्यांच्या समित्या आहेत.

अर्ज त्रास द्यायलाच केला होता असं न्यायालयाला वाटलं तर समोरच्याला भरपाई द्यावी लागते. जुन्या कायद्यात उच्च व सर्वोच्च न्यायालयांसाठी ही रक्कम १,००० रुपयांपर्यंत होती, आता न्यायालय योग्य वाटेल तेवढी लावू शकतं. प्रामाणिक अर्ज फेटाळला गेला तर खटला जिथे होता तिथेच पुढे चालतो. नंतर काही नवीन घडलं तर त्या नव्या घटनेवर पुन्हा अर्ज करता येतो. तीच कारणं पुन्हा लिहून दिलेला अर्ज मात्र मागच्या अर्जाच्या क्रमांकासकट परत येईल.